एका घराची गावकी

म्हाताऱ्यांच्या सहली किनुएला आवडायच्या. शाळेची पोरं बर्फ दिसला की येडी होतात, शहरातली जोडपी फोटोवरून भांडतात. म्हातारी माणसं सांगितलेलं ऐकतात, वेळेत लघवीला जाऊन येतात आणि निघताना वाकून आभार मानतात. म्हणून त्या फेब्रुवारीच्या सकाळी सैतामाकडच्या कुठल्याशा वसाहतीतल्या ज्येष्ठ मंडळाची बस घसरगाड्यांच्या उतारापाशी येऊन थांबली, तेव्हा किनुए चांगल्या मनाने टोपी सारखी करत बाहेर आली. ते चांगलं मन बुटांच्या खोलीच्या दारापर्यंत टिकलं.

मंडळी आत येऊन भाड्याचे रबरी बूट पायात चढवत होती. सगळ्यात मागून एक उंच, वाळका म्हातारा आला. त्याने चौकटीवर टाच आपटून बर्फ झटकला, एकदा हलकी, एकदा जोरात, आणि घसा खाकरून म्हणाला, “येतो हं आत.”

किनुएच्या हातातला बूट हातातच राहिला. हिनोसावात लोकांच्या दारावर अशी टाच आपटून परवानगी न घेता परवानगी मागणारा एकच माणूस होता. मोमोसे तामेकिची. तीसेक वर्षांत पाठ वाकली होती, केस गेले होते, टाच तीच होती.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तेव्हाची एकोणीस वर्षांची ओगिवाराची पोर आणि ही पन्नाशी उलटलेली, तोंडाला मास्क लावलेली, कानापर्यंत टोपी ओढलेली वाटाडी बाई. पण छातीवरची नावाची पट्टी वाचून तो थेट तिच्याकडेच आला.

“हानाओका-सान म्हणजे तुम्हीच का? वर हिनोसावात राहता त्या?”

“हो, मीच.”

“अरे वा! म्हणजे मला शोधत फिरायला नको.” त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. “मी मोमोसे. तुम्ही लग्न होऊन आलेल्या दिसता, तुम्हाला ठाऊक नसेल. मी हिनोसावाचाच. गावकीचा प्रमुख होतो मी, बरीच वर्षं.”

“असं होय,” किनुए म्हणाली.

मग म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. गाव सोडलं तेव्हा त्याने घराण्याची थडग्याची जागा गावकीला परत केली होती. दगड उचलला होता, वाडवडिलांच्या अस्थी बरोबर नेल्या होत्या. मुलगा म्हणाला होता, तिकडेच जवळ चांगली जागा घेऊ.

“घेतली कशाची! सूनबाईंनी कपाट घेतलंय. सहाव्या मजल्यावर. बटण दाबलं की आपला अस्थींचा डबा सरकत पुढे येतो, नमस्कार झाला की मागे जातो. स्टेशनवर सामान ठेवतात ना, तसं. मला नाही जायचं हो कपाटात. मला आपल्या डोंगरात मातीत जायचंय. खालच्या देवळातल्या गुरुजींना फोन केला, ते म्हणाले, जागा गावकीची, गावातली सगळी घरं हो म्हणाली तर देतो. आणि घर आता एकच उरलंय, हानाओका बाईंचं. म्हणजे गावकी म्हणजे तुम्हीच! एवढ्यासाठी मी या सहलीला आलो. नाहीतर या वयात मला घसरगाडी कशाला हवी?”

त्याने पिशवीतून एक खोका काढला. चकचकीत कागदात बांधलेल्या तांदळाच्या खमंग चकत्या, सैतामाहून आणलेल्या. दोन्ही हातांनी पुढे केला.

“आत्ता माझे हात मोकळे नाहीत,” किनुए म्हणाली. “संध्याकाळी निघताना सांगते काय ते. खोकाही तेव्हाच द्या. असू दे पिशवीत.”

घसरगाड्या झाल्या की मंडळी रानातली माकडं बघायला जायची. त्या माकडांच्या वाटेवर जाणाऱ्या माणसाने खायची वस्तू खाली कपाटात बंद करून जायचं, हा तिथला पहिला नियम. सगळ्यांना ती घसा बसेपर्यंत सांगायची. त्या दिवशी एका माणसाला तिने सांगितलं नाही.

आता तिचं आणि त्याचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. त्याशिवाय ही बाई नुसतीच खडूस वाटेल.

हिनोसावात सफरचंदांच्या बागा होत्या आणि वरच्या घळीत माकडं होती. बागा कोणाच्या, यावर माणसांचं आणि माकडांचं एकमत नव्हतं. एका शरदात गावकीची सभा बसली आणि शिकारी बोलावून सगळा कळप संपवायचा असं मोमोसेने मांडलं. हिनोसावात कुठलीही गोष्ट सगळे हात वर झाल्याशिवाय होत नसे. सगळे हात वर झाले. किनुएचा बाप ओगिवारा सादाओ हात मांडीवर ठेवून बसला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, “मला नाही पटत.” पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. बोलका माणूस नव्हताच तो. शिकारी आले नाहीत, माकडं वाचली आणि ओगिवारांना गावाने वाळीत टाकलं.

वाळीत टाकायचीसुद्धा रीत ठरलेली. माणसामाणसांतली दहा कामं धरली, तर त्यातली आठ तोडायची. लग्न, बारसं, आजारपण, पूर, घरबांधणी, सगळं बंद. दोन ठेवायची. आग आणि मयत. त्यात दयेचा काही संबंध नाही. आग शेजारच्या घराला लागते आणि प्रेत कुजतं, म्हणून. गावच्या सूचनांचा फळा घरोघर फिरायचा, तो ओगिवारांचं दार सोडून पुढे जाऊ लागला. वाटेवरचा बर्फ सगळे मिळून काढायचे, तो बरोबर त्यांच्या फाटकाच्या अलीकडे थांबू लागला. किनुएच्या बालमैत्रिणी समोरून आल्या की त्यांना एकदम बुटाची नाडी बांधायची असायची.

तिसऱ्या हिवाळ्यात बाप नेहमीप्रमाणे दारूच्या भट्टीवर कामाला दूर गेला होता. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी छपराची वाशांपासून कुरकुर सुरू झाली. छपरावर एकट्याने चढायचं नाही, खाली कोणीतरी उभं पाहिजे, दोरी धरायला पाहिजे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण धरणार कोण? आई चढली. किनुए न्याहारीची भांडी घासत होती. धडाड् आवाज झाला, ती धावली, तर छप्पर मोकळं आणि खाली पांढरा ढीग. फावड्याने चार घाव घातल्यावर तिला कळलं की हे एका माणसाचं काम नाही. ती सगळ्यात जवळच्या घराकडे पळाली. ते मोमोसेचं.

त्याने दार वीतभर सरकवलं. आत, खाली शेगडी असलेल्या मेजावर संत्र्याची सालं पडली होती.

“आग लागलीय का?” त्याने विचारलं.

“नाही, आई—”

“कोणी मेलंय का?”

“नाही! अजून नाही, बर्फाखाली आहे, चला ना, चला लवकर!”

“मग ते नियमात बसत नाही,” मोमोसे म्हणाला आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

ती परत धावत आली आणि एकटीने उकरत राहिली. आई सापडली तेव्हा तिच्या पापण्यांवरचा बर्फ वितळत नव्हता. संध्याकाळी सगळं गाव आलं. काळे कपडे घालून, उदबत्त्या घेऊन. आता बसत होतं ना नियमात! मोमोसेने स्वतः पुढे होऊन सगळं केलं. गुरुजींना आणलं, लाकडं आणली, स्वयंपाकाला बायका लावल्या, कशात म्हणून उणं ठेवलं नाही. किनुएला दार लावल्याचा राग होताच. पण ती मयत त्याने इतकी नेटकी केली, याचा तिला जास्त राग होता. तो राग तिने पुढे लग्नात नेला, नवऱ्याच्या आजारपणात नेला, नवरा गेल्यावर पुन्हा बापाच्या रिकाम्या घरात राहायला आली तेव्हा परत वर नेला. तोवर बाकीची घरं एकेक करून खाली उतरली होती आणि ज्या माकडांना संपवायचं होतं, त्यांना बघायला देशोदेशीचे लोक येऊन त्या खोऱ्यातल्या लोकांची पोटं भरत होते.

त्या दिवशी उतारावर कान्जी होता. घसरगाड्या सांभाळायचा, किनुएच्या बरोबरीचा, खालच्या गावचा, तोंडाने फाटका आणि मनाने बरा. तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

“तो? तोच मोमोसे?” कान्जी उतारावर बघत म्हणाला. “हा तर आजीबायांचा लाडका दिसतोय. तू घरी जा, किनुए-सान. डोकं दुखतंय म्हण. मी नेतो यांना माकडांकडे.”

“माझं डोकं चांगलं आहे.”

“तेच तर भ्या वाटतंय.”

उतारावर धमाल चालली होती. आयुष्यभर गुडघे सांभाळलेली माणसं प्लास्टिकच्या लाल गाड्यांत बसून किंचाळत खाली येत होती. फुसा नावाच्या एका गुबगुबीत आजीबाई गाडी सोडून नुसत्याच बसून घसरत आल्या आणि खाली पोचल्यावर म्हणाल्या, “अगंबाई, गाडी वरच राहिली की!” मोमोसे सगळ्यांना गाडी कशी वळवायची ते शिकवत होता. बर्फाच्या मुलखातला माणूस ना! किनुएने त्याला शोधून काढून भेगा पडलेली गाडी दिली. आदल्या दिवशीचा ओलावा राहिलेले बूट दिले. जेवायला मुळ्याच्या पाल्याची भाजी भरलेले कणकेचे गरम गोळे, ओयाकी, सगळ्यांना वाटले, तेव्हा त्याच्या ताटात टोपलीच्या तळचा, गार झालेला टाकला. बाई या वयात असलं वागते, याची तिला लाज वाटली नाही. उलट प्रत्येक वेळी पोटात ऊब आल्यासारखं झालं.

आणि तो मात्र गार ओयाकीचा लचका तोडून म्हणाला, “वा! हीच चव!”

“मोमोसे-सान, तुमच्या गावचं सांगा ना,” फुसा आजी म्हणाल्या. “तुम्ही वसाहतीत सांगता ते. यांना सांगा.”

“काय सांगायचं! आता राहिलंय काय!” पण तो सांगायला लागला. “तुम्हाला शहरात शेजारी मेला तरी वासानेच कळतं. आमच्याकडे तसं नव्हतं. बर्फ पडला की सकाळी मी टाच आपटत घरोघर जायचो. चला, बाहेर पडा! एका छपरावर सगळे चढायचो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कोणाचं छप्पर राहिलं असं झालं नाही. म्हातारी असो, विधवा असो. हिनोसावात कोणी एकटं नव्हतं.”

“ऐका!” फुसा आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. “आणि आमच्या जिन्यातला दिवा गेला तर महिनाभर कोणी बदलत नाही.”

किनुए चहा ओतत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा पेल्याबाहेर सांडला, मोमोसेच्या बोटांवर. तो “काही नाही, काही नाही” म्हणाला आणि तिने मान लववून माफी मागितली, कारण ते तिचं काम होतं. कान्जी लांबून हाताने खूण करत होता, पुरे, पुरे.

दुपारी मंडळी माकडांच्या वाटेला लागली. देवदारांच्या रानातून जाणारी, पायांनी दाबून घट्ट झालेली चिंचोळी वाट. बसमधली नात्सुमे नावाची तरणी मुलगी झेंडी घेऊन पुढे, किनुए सगळ्यात मागे. वाटेच्या तोंडाशी तिने नियम सांगितले. माकडाच्या डोळ्यांत बघू नका. दात दाखवून हसू नका. ओरडू नका. आणि वाट सोडू नका. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, वरून सपाट दिसतो, पाय पडला की माणूस आत.

“हे मला सांगायला नको,” मोमोसे हसला. “मी यांच्याशी लढलोय चाळीस वर्षं.”

गुडघ्यांमुळे तो मागे मागे पडत गेला. नात्सुमेची झेंडी वळणाआड गेली, मंडळींचा गलका विरला. किनुए त्याच्या दोन पावलं मागून चालत होती. वरच्या उतारावरून माकडं गरम पाण्याच्या कुंडाकडे निघाली होती. माद्या, पोटाला चिकटलेली पिल्लं. एक थोराड नर वाटेतच बसला. त्याचं लक्ष मोमोसेच्या पिशवीकडे होतं. पावलागणिक आतला चकचकीत कागद चुरचुरत होता.

किनुएने बोलायला हवं होतं. पिशवी माझ्याकडे द्या, एवढंच. ती दोन पावलं मागेच राहिली.

नर सावकाश आला आणि पिशवीचा बंद धरला. शहाणा माणूस असता तर त्याने पिशवी सोडली असती. पण मोमोसेच्या अंगात हिनोसावाचा प्रमुख शिरला. “हाड्! चोरा!” तो ओरडला, त्याने डोळे वटारले, दात विचकले, काठी उगारली, करू नका म्हणून सांगितलेलं एकूण एक करून झालं. नर फिस्कारून त्याच्या अंगावर आला. म्हातारा मागे सरला, एक पाऊल, दोन पावलं, आणि देवदाराच्या बुंध्याशी भसकन् खाली गेला.

पार काखेपर्यंत. हात वर अडकलेले, काठी बाजूला, टोपी तिरपी. पिशवी उपडी झाली. खोका फुटला आणि मोमोसेची भेट माकडांच्या आख्ख्या खानदानाने त्याच्या नाकासमोर बसून कुरुमकुरुम खाल्ली. एका पिल्लाने त्याच्या टकलावर बसून चकती संपवली. दुसऱ्याने टोपी नेली. किनुए वाटेवर उभी राहून बघत होती. या खोऱ्यात इतकी वर्षं ती लोकांना माकडं दाखवत होती, पण इतकं डोळे भरून तिने स्वतः कधी बघितलं नव्हतं.

माकडं पांगली. “हानाओका-सान,” मोमोसेचा आवाज बर्फातून आल्यासारखा दबका आला. “हात द्या जरा. पायाखाली काही लागत नाही. सरकतोय मी आत.”

किनुए जवळ गेली. पाठीवरचं लहान फावडं सोडून हातात घेतलं. मास्क खाली ओढला, टोपी मागे सारली.

“आग लागलीय का?” तिने विचारलं.

“काय?”

“आग. लागलीय का कुठे?”

म्हाताऱ्याने बोटं तिच्याकडे लांबवली.

“कोणी मेलंय का?”

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम गळून पडलं. “ओगिवाराची... किनुए?”

“नाही ना मेलं कोणी? मग ते नियमात बसत नाही, मोमोसे-सान.” ती तिथेच वाटेच्या कडेला उकिडवी बसली. फावडं मांडीवर आडवं ठेवलं.

“किनुए, पोरी, गार पडलेत पाय. चेष्टा नको.”

“माझ्या आईचेही पडले होते.”

बुंध्यावरून थोडा बर्फ सुटून त्याच्या मानेवर पडला. तो हनुवटीपर्यंत गेला. आता तो रडत होता का गारठ्याने डोळ्यांना पाणी येत होतं, हे कळत नव्हतं.

“नियम मी केला नव्हता,” तो म्हणाला. “बापजाद्यांचा होता. मी आलो असतो तर उद्या मला टाकलं असतं वाळीत.”

“टाकलं असतं. मग?”

“मग काय... माझी बायको होती, पोरगा होता.”

“मलाही आई होती.”

त्याने नजर तिच्यावरून बुंध्याकडे वळवली. मग म्हणाला, “घाबरलो मी. दार लावून आतच उभा होतो. तुझं फावडं ऐकू येत होतं. थांबलं, तेव्हा कळलं.”

किनुएला हे ठाऊक नव्हतं. आत उभा राहून ऐकत होता. क्षणभर तिला वाटलं, उठावं, वळणापलीकडे जावं, आणि मंडळींना कुंडातली माकडं दाखवावीत. कोणाला कळणार होतं? म्हातारा वाट सोडून गेला, पडला.

“मी तुम्हाला बाहेर काढणार आहे,” ती शेवटी म्हणाली. “दया आली म्हणून नाही. तुम्ही इथे मेलात तर मला तुमच्या मयतीला यावं लागेल, आणि नीट वागावं लागेल. तेवढे तुमचे लाड मी करणार नाही.”

“थडग्याचं...” तो कुजबुजला. माणूस मरणाच्या दारात होता आणि त्याला थडग्याचीच पडली होती.

“देते जागा.”

त्याने मान वर केली.

“एका अटीवर. बस निघायच्या आधी तुमच्या मंडळींना ही गोष्ट सांगायची. छपराची. खरी. माझ्या आईचं नाव घेऊन. तुमच्या त्या आजीबाई रडतात ना तुमच्या गावच्या गोष्टीला, त्यांच्यासमोर. मी दारात उभी राहून ऐकणार. सांगितलंत की मी गुरुजींना स्वतः फोन करते, खड्डाही मीच खणते.”

“सांगतो. सांगतो, किनुए. शप्पथ.”

तिने खणायला सुरुवात केली. म्हातारी माणसं हलकी असतात. काखेत हात घालून ओढला, तेव्हा तो लहान मुलासारखा वर आला. तिने त्याचे बूट काढून पाय चोळले, आपले सुके मोजे त्याला घातले. राग गेला नव्हता. पण खरं सांगायचं तर उतरताना, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतलेला असताना, तिने मनातल्या मनात जागा निवडून ठेवली होती. आईच्या शेजारची नाही. खालच्या अंगाची, ऊन येतं ती.

खाली एकच गोंधळ उडाला. “अहो, झालं काय मोमोसे-सान? टोपी कुठाय?” फुसा आजींनी आपली शाल त्याला गुंडाळली. “हानाओका-सानने काढलं मला,” तो म्हणाला, आणि सगळ्या मंडळाने किनुएला वाकून नमस्कार केला. “बघा,” फुसा आजी म्हणाल्या, “तिथली माणसंच वेगळी!”

बसमध्ये सगळे बसले. नात्सुमेने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि माईक हातात घेतला. “परतीच्या वाटेवर आज कोण बोलणार?”

“मी बोलतो,” मोमोसे म्हणाला.

किनुए पायरीवर उभी होती, एक हात दाराच्या दांड्याला. तिचं काळीज असं उडत होतं की तिला स्वतःचीच चीड आली. मोमोसे पहिल्याच बाकावर होता. त्याने माईक घेतला. मागे वळून बघितलं. सगळे चेहरे त्याच्याकडे होते, थकलेले, गालांवर लाली आलेले. फुसा आजींनी तर ऐकण्याआधीच रुमाल काढून ठेवला होता. वसाहतीत त्याच्या जिन्यात राहणारी, त्याला सकाळी हाक मारणारी, आजारी पडला तर पेज आणून देणारी माणसं ती. पुढची उरलेली वर्षं त्यांच्यातच काढायची होती त्याला.

“माझ्या गावी,” तो म्हणाला, आणि त्याने किनुएकडे बघितलं. “हिनोसावाला. एका हिवाळ्यात फार मोठा बर्फ पडला...”

तो थांबला. घसा खाकरला.

“...आणि सकाळी मी घरोघर गेलो. म्हटलं, चला, बाहेर पडा! एकाही छपरावर आम्ही कोणाला एकटं चढू दिलं नाही.”

टाळ्या पडल्या. तो किनुएकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, समजून घे म्हणणारी. किनुए पायरीवरून खाली उतरली. दार सरकलं. रीतीप्रमाणे बस दिसेनाशी होईपर्यंत ती वाकून उभी राहिली, आणि वाकलेली असल्यामुळे तिचं तोंड कोणाला दिसलं नाही.

“काय म्हणाला?” कान्जीने विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “ये, गाड्या उचलू.”

मोमोसे त्याच वर्षी, सफरचंदाला मोहोर आला तेव्हा गेला. किनुए घरामागच्या वाफ्यात होती, तेव्हा फोन वाजला. त्याचा मुलगा बोलत होता, सभ्य, थकलेल्या आवाजात. गुरुजींनी नंबर दिला होता. वडिलांची फार इच्छा होती, तो म्हणाला. शेवटी शेवटी दुसरं काही बोलतच नव्हते. गावकीची संमती पाहिजे असं कळलं. आपण म्हणाल तेव्हा अस्थी घेऊन येतो.

“तुमच्या वडिलांचं गाव कुठलं?” किनुएने विचारलं.

“हिनोसावाच हो. ते प्रमुख होते तिथे. लहानपणी मी होतो, पण लवकरच शिकायला बाहेर पडलो, मला फारसं आठवत नाही. ते नेहमी सांगायचे ना... बर्फ पडला की सगळं गाव मिळून एकेकाचं छप्पर मोकळं करायचं. विधवेचंसुद्धा. कोणी एकटं नसायचं तिथे. त्या मातीत जायचं होतं त्यांना.”

वाफ्यापलीकडे एक माकडीण बांधावर बसून पिल्लाच्या डोक्यातल्या उवा वेचत होती. किनुए तिच्याकडे बघत राहिली. मोमोसेच्या पोराचा काही दोष नव्हता. तो तेव्हा शाळेत होता. तिला हे कळत होतं, आणि तरी तिचा आवाज जराही हलला नाही.

“मग तुमची चूक होतेय,” ती म्हणाली. “तुमचे वडील सांगायचे ते गाव हे नव्हे. ते गाव शोधून काढा आणि त्यांना तिथे ठेवा.”